मावशीच्या न्याहारीची जागा

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक तरुण रानकोंबडी परत आली. लहानपणीच ती डोंगरापलीकडच्या रानात शिकायला गेली होती. गेल्या उन्हाळ्यात आपले अर्धे जंगल वणव्यात जळाले, हे तिला तिकडे कळले होते. त्यामुळे वाटभर तिच्या मनात एकच चित्र होते : सगळे प्राणी कामाला लागले असतील, वाळका पाचोळा दूर सारत असतील, आपल्याला पाहून म्हणतील, "बरं झालं आलीस!" प्रत्यक्षात, मुलांनो, उतारभर सागाची मोठमोठी पाने साचली होती. पाऊल टाकले की रानकोंबडी पोटापर्यंत रुतत होती. ससा सावलीला पेंगत होता, मोर पिसे सारखी करत होता, आणि तिच्या मैत्रिणी इथे थोडे, तिथे थोडे उकरत किडे टिपत हिंडत होत्या.

ती तडक एका दगडावर चढली. "अहो, ऐका तरी! पलीकडच्या रानात पायथ्याशी एक लांब पट्टा आहे. तिथला पाचोळा आम्ही उकरून बाजूला सारतो, नुसती माती ठेवतो. आगीलासुद्धा खायला लागतं. पट्ट्यापाशी तिला काही मिळत नाही, मग ती तिथेच विझते."

मोराने मान डोलावली. "वा! फार छान बोललीस. यावर मोठी सभाच घ्यायला हवी. पावसाळा लागला की लगेच घेऊ."

"अहो मोरदादा, पावसाळ्यात वणवा कुठून येणार?"

"तेच तर! तेव्हा सगळे निवांत असतील."

सशाने एक डोळा उघडला. "मला चार पाय आहेत, बाई. आग दिसली की मी पळेन. तू कशाला घसा कोरडा करतेस?"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. "आली गं आमची शहाणी! दिवसभर पाचोळा सारत बसलो तर पोट कशाने भरायचं? तुझ्या भाषणाने?"

रानकोंबडी हिरमुसून करवंदीच्या जाळीत शिरली. तिथे तिची मावशी अंडी उबवत बसली होती. आईमागे तिनेच हिला लहानाचे मोठे केले होते.

"मावशी, इथे कुणाला काही करायचंच नाही. मी आपली परत जाते."

"जा हो. पण आधी जरा टेक. दमलीस."

"आणि आग आली तर तू काय करशील?"

मावशीने पंख थोडे पसरून अंडी नीट झाकली. "अंड्यांना काही पाय नाहीत, पोरी. म्हणून मीही इथेच. गेल्या वर्षी आग अगदी जवळ येऊन विझली बघ. या जाळीचे उपकार. रोज सकाळी मी तिला हात जोडते."

"हात?"

"बरं, पंख!" मावशी हसली.

आग नेमकी कुठे विझली, ते पाहायला रानकोंबडी जाळीबाहेर आली. खालच्या बाजूला काळे पडलेले खुंट होते, वरच्या बाजूला हिरवी जाळी. आणि दोन्हींच्या मधोमध मातीचा एक वाकडातिकडा पट्टा. त्यावर आता नवी पाने साचू लागली होती. ती पाहतच राहिली.

"मावशी! हा पट्टा कुणी केला?"

"कसला पट्टा?" आतून आवाज आला. "तिथे मी तुम्हा पिल्लांना चारायला न्यायचे. घार आली तर चटकन आत पळता यावं, म्हणून जाळी सोडून लांब जायचंच नाही. तुम्ही मोठी झालात, तरी माझी न्याहारी तिथेच राहिली. आता अंड्यांवर बसल्यापासून दारातच मिळेल ते टिपते."

रानकोंबडीला आपले चिमुकले पाय आठवले. मावशीच्या मागे मागे, खर्र खर्र उकरत, ते याच मातीत चालले होते. जे शिकायला ती डोंगर ओलांडून गेली, ते इथे तिच्या पायांनी आधीच केले होते. ती आत जाऊन मावशीला बिलगली.

"जाळीने नाही गं, मावशी. तुझ्या पायांनी वाचवलं सगळ्यांना."

"चल! मी किडे शोधत होते नुसती." मग मावशी म्हणाली, "पण तू पलीकडे शिकली नसतीस, तर मला तरी हे कोण सांगणार होतं?"

त्या संध्याकाळी समोरच्या डोंगरावर धुराची बारीक रेघ दिसली. मोर म्हणाला, "लांब आहे." सशाने पाय ताणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानकोंबडीला कडकडून भूक लागली होती. मैत्रिणींनी हाक मारली, "चल गं, बांबूच्या बेटात वाळवी निघालीय! की आजही भाषण आहे?"

"भाषण नाही. भूक आहे," ती म्हणाली आणि बेटाकडे न जाता खाली उतरली. तिने ठरवून टाकले होते : आता परत जायचे नाही, आणि दिवसभर कुठेही चरले तरी सकाळची न्याहारी मावशीच्या पट्ट्यावरच करायची. पाने सर्वांत दाट होती तिथून तिने उकरायला सुरुवात केली. थोड्या वेळाने एक मैत्रीण डोकावली. "अगं बाई, इथे तर चांगल्या टपोऱ्या अळ्या आहेत!"

"मग ये ना. फक्त माझ्या पुढून सुरू कर, याच रेषेत."

खर्र खर्र आवाज जाळीत पोचला. मावशीने अंड्यांवरून मान उंचावली. "कोण गं तिकडे?"

"मीच, मावशी," बाहेरून उत्तर आले. "न्याहारी करतेय."

तात्पर्य : ज्या कामाने आपल्याला वाचवले, ते काम पुढे चालवणे हेच खरे आभार, आणि त्याची सुरुवात आजच्या न्याहारीपासूनही करता येते.