मार्जिन भरपूर ठेवा

एका गावात एक भोळा शिंपी होता. शिंपी एकच होता, पण भोळेपणा साऱ्या गावाला पुरून उरेल इतका होता. नाव निवृत्ती पतंगे.

गावात आता कुणी शिवून घेत नव्हतं. सगळे बाजारातून तयार कपडे आणायचे. शिलाई मशीन विकायला काढायची वेळ आली. ते मशीन त्याच्या बायकोला, वत्सलेला, तिच्या आईनं लग्नात दिलेलं. तिचा जीव त्या मशीनमध्ये होता. ती गप्प बसली नाही. तिनं एका कंपनीकडे नाव नोंदवून फोनवर दुकान उघडलं, आणि निवृत्तीचे लेंगे-परकर लांबलांबच्या गावांना जाऊ लागले. कंपनीची अट एकच होती. तीन तक्रारी झाल्या की तपासणी, आणि तपासणीत साहेबाचं समाधान झालं नाही की दुकान बंद.

पहिली तक्रार पुण्याहून आली. "लेंगा बरा आहे, पण विक्रेता मार्जिन फार ठेवतो. एवढं मार्जिन कशाला?"

निवृत्तीनं ताजा शिवलेला लेंगा उलटा करून पाहिला. शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं मार्जिन होतं. खरंच की, तो म्हणाला. मग त्यानं तो लेंगा उसवला, मार्जिन कापून टाकलं, अगदी काठावरून टीप मारली आणि पुणेकराला एक लेंगा फुकट पाठवला. पुणेकर तो घालून पंगतीत बसला. पंगत उठली तेव्हा तो एकटाच बसून राहिला.

वत्सलेनं समजावलं. "अवो, ते मार्जिन म्हंजी शिवणीतलं न्हवं. मार्जिन म्हंजी नफा. आपल्या खिशात येतं ते."

"शिवणीतलं न्हवं. खिशातलं," निवृत्तीनं दोनदा घोकलं.

"कापड केवढ्याचं, दोरा केवढ्याचा, ते सांगून टाकावं. गिऱ्हाइकापासनं काय बी लपवू नका. समदं उघडं असू द्या."

त्यातलं शेवटचं त्याच्या पक्कं ध्यानात राहिलं. नागपूरच्या बाईंनी परकर मागवला होता. निवृत्तीनं त्याला ना पिशवी घातली, ना कागद. पत्त्याची चिठ्ठी टाचणीनं नाडीला लावली आणि परकर तसाच उघडा धाडला. वाटेत त्याला किती जणांनी हात पुसले याची नोंद कुठं नाही. दुसरी तक्रार आली. "परकर मागवला, पायपुसणं आलं. मार्जिन मात्र आहेच."

"असं उघडं धाडत्यात व्हय?" वत्सला म्हणाली. "धाडायच्या आधी पिशवीत घालावं, तोंड शिवून घ्यावं. नीट, घट्ट."

"तोंड शिवायचं," निवृत्ती म्हणाला.

पुढची मागणी पुन्हा लेंग्याची. लेंग्याला तोंडं तीन. निवृत्तीनं तिन्ही शिवली, नीट, घट्ट, दुहेरी दोऱ्यानं. लेंगा पिशवीत घातला आणि पिशवीचंही तोंड शिवलं, कारण काम अर्धवट ठेवणारा माणूस तो नव्हे. तिसरी तक्रार आली. "अभ्रा मागवला नव्हता. अभ्र्यालासुद्धा एक तोंड असतं. मार्जिन मात्र आहेच."

आता तपासणी. वत्सलेला रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून तिनं मशीनला तेल घातलं, हळद-कुंकू वाहिलं.

कंपनीचा माणूस आला. डोईफोडे साहेब. अंगानं भारदस्त, मनानं चांगला. पण येताना एसटीच्या खिळ्यात त्याची पँट अडकली आणि मागून उभी फाटली. संध्याकाळी त्याला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. निवृत्तीचं धोतर गुंडाळून तो बाकड्यावर बसला.

"पतंगे, एक पँट शिवून द्या. तेवढ्यात तुमचं कामही बघून होईल. पसंत पडलं तर दुकान चालू."

वत्सला भाकऱ्या थापायला आत पळाली. निवृत्तीनं माप घेतलं.

"मार्जिन किती ठेवताय?" साहेबांनी विचारलं.

निवृत्ती दचकला. "आजाबात न्हाय ठेवत, साहेब."

"अहो, असं कसं? भरपूर ठेवा. आजकालचे शिंपी मार्जिनच ठेवत नाहीत, त्याचाच मला राग आहे."

निवृत्तीचे डोळे भरून आले. एवढं मोठ्या मनाचं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं शिलाई दुप्पट सांगितली. मग साहेबांचा शब्द खाली पडू नये म्हणून तिप्पट केली.

"जरा जास्त वाटते," साहेब म्हणाले.

"मार्जिन भरपूर हाय, साहेब."

"मग हरकत नाही." साहेबांनी तिथंच पैसे दिले. निवृत्तीनं ते खिशात घातले.

मग तो कापड कापायला बसला. शिवणीतलं न्हवं, खिशातलं, असं पुटपुटत त्यानं शिवणीत दोऱ्याएवढीही जागा सोडली नाही आणि अगदी काठावरून टीप मारली. आत साहेब पिठलं-भाकरी जेवत होते. वत्सला आग्रह करत होती. साहेबांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या.

पँट घालून साहेब बाहेर आले. आरशात पाहिलं. खूश झाले.

"उत्तम. दुकान चालू करून टाकतो."

वत्सलेनं मशीनला हात जोडले. साहेब बाकड्यावरचा फोन उचलायला वाकले.

टर्र असा आवाज झाला. पँट पुढून पट्ट्यापासून मागं पट्ट्यापर्यंत उसवत गेली.

वत्सला उठली आणि तिनं मशीनवर झाकण घातलं.

साहेबांनी दोन्ही हात मागं नेले. "पतंगे," ते म्हणाले, "मार्जिन कुठंय?"

निवृत्तीनं अभिमानानं खिशावर हात ठेवला.

"हितं हाय, साहेब. तुमी म्हणाला तसं, भरपूर. आन् तुमच्यापासनं लपवलं काय बी न्हाय. समदं उघडं हाय."