कपाळावरचा दिवा

"…मग गोटी पान्यांचा मोठा सेट घेऊ, की रिंग पाने पुरतील, बाबा? आणि गाडीची कॉइल ओरिजिनल मिळत नाही. लोकल टाकली तर चालेल?" निशिकांतने विचारलं.

वामनगिरी बाबांनी डोळे उघडले नाहीत. दुपारचं ऊन मठाच्या ओट्यावर चढलं होतं आणि त्यांना सावलीत सरकायचाही कंटाळा आला होता.

"आधी पाणी पी," ते म्हणाले.

मठ घाटाच्या पायथ्याशी. पूर्वी गाड्या इथं थांबायच्या, रेडिएटरमध्ये पाणी भरून घ्यायच्या आणि मगच चढाला लागायच्या. ओट्यावर तेलाचा एक चौकोनी डबा असायचा. ज्याची गाडी अडली त्याने डब्यातलं हत्यार घ्यायचं आणि गाडी चालू झाली की आपल्याजवळचं एखादं मागून येणाऱ्यासाठी टाकून जायचं, अशी इथली रीत.

आता बोगदा झालाय. घाटातून कोणी जात नाही. डबा अजून जागेवर आहे, पण आतल्या पक्कडीला गंज चढलाय. बाबांच्या गुडघ्यांनाही.

निशिकांत तरीही वाट वाकडी करून आला होता. सांगलीत त्याचं औषधांचं दुकान. त्याचे वडील, अण्णा, आपली पांढरी गाडी घेऊन याच घाटातून जायचे आणि दर खेपेला मठात पाणी भरायचे. ती ओळख.

त्याने स्वतःच्या गाडीच्या डिकीतून एक लाल पेटी उतरवली. ओट्यावर ठेवून झाकण उघडलं.

प्रत्येक पाना आपापल्या खाचेत निजलेला. एकालाही तेलाचं बोट लागलेलं नव्हतं.

"अण्णांची गाडी कधीपासून बंद?" बाबांनी विचारलं.

"अण्णांना झटका आला तेव्हापासून. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा चालतो. चहाचा कप धरतात."

"आणि?"

"आणि काय… पत्र्याच्या शेडखाली गाडी, व्हरांड्यात अण्णा. दिवसभर तिच्याकडे बघत बसतात." निशिकांतचा आवाज जरा ताठ झाला. "मी त्यांना शब्द दिलाय. गॅरेजवाल्याला हात लावू देणार नाही. माझ्या हातांनी दुरुस्त करीन, त्यांना शेजारी बसवीन आणि या घाटातून नेईन."

"बरं. काम कुठवर आलं?"

निशिकांतने पेटीकडे पाहिलं.

"तयारी चालू आहे."

तयारी हा शब्द मोठा सोयीचा. माणूस त्यात पाय पसरून वर्षानुवर्षं राहू शकतो. निशिकांतने आधी जॅक घेतला, मग त्याहून चांगला जॅक घेतला. प्लग आणले, कार्बोरेटरचं किट आणलं, बोल्ट किती आवळला ते सांगणारा पाना आणला. बॉनेट मात्र त्याने उघडलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हिवाळा काढतील असं वाटत नाही, म्हणाले."

बाबांनी आता डोळे उघडले.

"म्हणूनच विचारायला आलो," निशिकांत घाईघाईने म्हणाला. "एकदा बॉनेट उघडलं की मध्येच अडायला नको. इथं बसून तुम्ही इतक्या गाड्या उघडलेल्या बघितल्यात. माझ्याकडे काय कमी आहे तेवढं सांगा."

"मी नुसतं पाणी दिलं रे. गाड्या ज्यांच्या त्यांनी उघडल्या."

निशिकांतला राग आला होता आणि राग दाखवायचंही त्राण नव्हतं. दिवसभर दुकान, मग अण्णांचं अंग पुसणं, जेवण भरवणं. गाडीसाठी उरतो तो संध्याकाळचा तासभर, आणि तोही पार्सलं उघडण्यात जायचा.

"अण्णा गाडी खोलायचे, तेव्हा तू काय करायचास?" बाबांनी विचारलं.

निशिकांतच्या चेहऱ्यावर थकलेलं हसू आलं.

"टॉर्च धरायचो. शेडमध्ये दिवसाही अंधार असतो. माझा हात जरा हलला की ओरडायचे. कुठं बघतोस, माझ्या हाताकडे बघ. पाय दुखून यायचे. एकदा उभ्या उभ्याच डोळा लागला आणि टॉर्च इंजिनात पडला."

"मारलं?"

"नाही. काढला आणि परत माझ्याच हातात दिला. टॉर्च दातांत धरून करता आलं असतं त्यांना. दुसरे करतात तसं. पण मला हाक मारल्याशिवाय त्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही."

"आता टॉर्च कोण धरणार?"

हा प्रश्न निशिकांतला सोपा वाटला. त्याने पेटीचा खालचा कप्पा ओढला आणि पट्टा लावलेला एक छोटा दिवा काढला.

"त्याची सोय केलीय. हा कपाळाला बांधायचा. दोन्ही हात मोकळे. कोणाची गरजच नाही."

बाबांनी हात पुढे केला. जटांवरून पट्टा चढेना, तेव्हा निशिकांतनेच तो बसवून दिला. दिवा लागला. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल, आतून घागर आणू. पुढं हो."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. निशिकांत दोन पावलं गेला. उजेड भिंतीवर होता, मग छतावर गेला, मग कोपऱ्यातल्या सरपणावर थांबला. निशिकांतची नडगी कशावर तरी आपटली आणि तो कळवळून खाली बसला.

"बाबा, इकडे दाखवा की उजेड!"

"मी तिकडे बघत नव्हतो."

"पण मी इथं चालतोय…"

"हो ना. आणि दिवा माझ्या कपाळाला."

अंधारात निशिकांत नडगी चोळत होता.

"तू धरायचास तो टॉर्च," बाबा हळूच म्हणाले, "त्याचा उजेड कुठं पडायचा?"

"अण्णांच्या हातावर."

घागर आतच राहिली. बाहेर आल्यावर बाबांनी कपाळावरचा दिवा काढला, पट्टा नीट गुंडाळला आणि तेलाच्या डब्यात टाकला. गंजलेल्या पक्कडीवर तो टणकन आपटला.

"अहो बाबा, तो माझा…"

"इथं अडेल त्याच्या कामी येईल."

"इथं आता कोण अडतं?"

बाबा ओट्यावर आपल्या जागी बसले. ऊन तिथून हललं होतं. त्यांनी पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.

निशिकांतने पेटीचं झाकण लावलं. ती उचलून तो गाडीपर्यंत गेला, डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. मग पेटी तिथंच जमिनीवर ठेवून परत आला. डब्यात हात घालावा असं त्याला वाटलं असणार, कारण तो डब्यापाशी थोडा घुटमळला. पण त्याने हात घातला नाही.

"आज संध्याकाळीच बॉनेट उघडतो, बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज आता ताठ नव्हता. "मिळतील तसे पार्ट टाकतो. पण दोन्ही हात कामात असणार माझे. शेडमध्ये काही दिसत नाही. उजेड कोण धरणार?"

बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"डावा हात चालतो म्हणालास ना त्यांचा."