शाल्मलीने वजीर दिला

एका राज्यात सगळी माणसे दगडाची होती. राजा सिंहासनावर दगड, पाणक्या विहिरीवर दगड. राजा मांत्रिक वज्रकेतूशी बुद्धिबळ खेळला आणि हरला, त्याचा हा शाप. परमुलखात शिकायला गेलेली राजकन्या शाल्मली तेवढी वाचली.

शाल्मलीला धीर धरणे ठाऊक नव्हते. तिने आगीची नदी ओलांडली, सर्पांचे रान तुडवले, वाऱ्याची भिंत फोडली आणि मांत्रिकाच्या दारावर थाप मारली. खांद्यावर तिची बोलकी साळुंकी होती.

"पट मांड, वज्रकेतू."

"तुझा बापही असाच तावातावाने आला होता," मांत्रिक हसला. "आपला प्राण एका मोहऱ्यात ठेव. ते मेले, की तू पायापासून दगड होत जाशील. मला मात दिलीस, तर सगळे शाप सुटतील."

"बाबांनी प्राण कशात ठेवला होता?"

"वजिरात. मग डावभर त्यालाच कुशीत घेऊन बसला!"

"मीही वजिरातच ठेवते."

साळुंकी किंचाळली, "बाईसाहेब, निदान कोपऱ्यातल्या हत्तीत ठेवा!"

"मी लपायला आले नाही."

डाव पेटला. पटावरचे घोडे खिंकाळले, हत्तींनी सोंडा उगारल्या. शाल्मलीची फौज विरळ होत गेली. मांत्रिक मिशीला पीळ देऊ लागला. तेवढ्यात शाल्मलीला वाट दिसली. तिने वजीर उचलला आणि काळ्या राजाला खेटून ठेवला.

"शह!"

"बाईसाहेब, तो मारेल ना!"

"मारेलच. दुसरी चाल आहे कुठे त्याला?"

वज्रकेतूने पट पुन्हा पुन्हा न्याहाळला. दुसरी चाल नव्हती. त्याच्या राजाने वजीर मारला आणि त्यापायी आपले घर सोडले. शाल्मलीचे पाय दगड झाले. मग कंबर. मग छाती. दगड खांद्यावरून हातात उतरू लागला, तशी तिने बोटाने एक प्यादे पुढे सरकवले.

"शह आणि मात. तीही प्याद्याची!"

काळा राजा आडवा झाला. मांत्रिकाचा धूर झाला. शाल्मलीच्या अंगावरचा दगड तडकून गळून पडला.

ती राज्यात परतली, तेव्हा पाणक्या घागर ओढत होता आणि राजा डोळे चोळत होता.

"पोरी, तू वजीर दिलास?"

"दिला, बाबा. तुम्ही तो सांभाळलात आणि राज्य दिलंत."

राजा सिंहासनावरून उठला आणि बाजूला झाला. शाल्मली बसली. दरबार भरला, फिर्यादी आत आले, आणि त्या राज्याचा कारभार पुन्हा सुरू झाला.