आमदारासाठी पाट

“पण बाबा, आधी प्रायश्चित्त घेतलं आणि पाप नंतर केलं, तर चालतं का?”

आमदार रंगराव खुटाळे मठाच्या उघड्या फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर भानुबाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंगराव आधीच फुगलेले. आत शिरताना खंडाळकरने पुढे होऊन ललकारी दिली होती, “आमदारसाहेब आलेत!” त्यावर बाबांनी रंगरावांच्या पाठीमागच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, “येऊ देत की.” मग पुन्हा शेंगा. उठणं नाही, या-बसा नाही. भिंतीला टेकवलेला शिसवी पाट जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा निवडून आल्यापासून रंगरावांची खाली बसायची सवय पार मोडली होती.

हा खंडाळकर पक्षाच्या प्रतोदांचा माणूस. मतदान होईपर्यंत रंगरावांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. रंगराव न्हाणीत गेले तरी तो दाराबाहेर उभा राहून दर दोन मिनिटांनी “साहेब?” अशी हाक मारी.

“पाप कसलं?” बाबांनी विचारलं.

“उद्या सभागृहात गायरानाचं विधेयक आहे. गावोगावची चराऊ रानं कंपन्यांना द्यायची म्हणतात. आपल्या तालुक्यातली अकरा गावं आहेत त्यात. विरोधकांनी शिरगणती मागितलीय. बाजूनं असेल त्यानं जागेवर उभं राहायचं.”

“मग तू बसून राहा.”

“पक्षादेश आहे, बाबा! बसलो तर अपात्र ठरवतील.”

“मग उभा राहा.”

“शपथ आहे ना!”

शपथ होतीच. तीन वर्षांपूर्वी याच रंगरावांनी बिरोबाच्या देवळात अकरा गावांसमोर बेलभंडारा उचलला होता. गायरानाची मूठभर माती जाऊ देणार नाही म्हणाले होते. मेंढ्या राखणाऱ्या बायांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती. आणि तळहातावर तो भंडारा ठेवला होता भानुबाबांनीच. त्यामुळे प्रायश्चित्त मागायला दुसऱ्या दारी जायची सोय नव्हती.

“बरं,” बाबा म्हणाले. “तुला स्वतःला काय वाटतं?”

रंगरावांनी खंडाळकरकडे पाहिलं.

खंडाळकरने मोबाईलकडे पाहिलं. “अजून वरून काही कळवलेलं नाही,” तो म्हणाला.

बाबांनी एक शेंग फोडली. आतून कुजकी निघाली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

“तिथं उठायचं कधी, बसायचं कधी, हे कळतं कसं रे?”

आता रंगरावांना कंठ फुटला. आठ वर्षांचा अनुभव होता! “सोपं असतं, बाबा. प्रतोद पुढच्या बाकावर असतात. त्यांनी बाक वाजवलं की वाजवायचं. ते उठले की उठायचं. ते बाहेर निघाले की सभात्याग.”

“कशासाठी, ते?”

“ते नंतर पेपरात येतं.”

“चुकत नाही कधी?”

रंगराव जरा घुटमळले. “एकदा... आम्ही विरोधात होतो तेव्हा, प्रतोदांना लघवीला लागली होती. ते निघाले, पाठोपाठ आम्ही सतरा जण. बाहेर घोषणा पण दिल्या.”

“मग?”

“मग काय, सरकारनं माघार घेतली.”

बाबा पोट धरून हसले. रंगरावही हसले, पण आधी खंडाळकर हसतोय का ते बघून.

हसू ओसरल्यावर बाबांनी कोनाड्यातली वाटी ओढली. “उजवा हात पुढं कर.”

त्यांनी तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर भंडारा.

“हे प्रायश्चित्त. मी उठ म्हणेपर्यंत बसायचं. भंडारा सांडायचा नाही.”

“एवढंच?” रंगरावांचा जीव भांड्यात पडला. उपास करावा लागतो की काय, अशी त्यांना धास्ती होती.

“एवढंच.”

क्षणभर गेला. बाबा उठले.

रंगरावही उठले. भंडारा धोतरावर सांडला.

“का उठलास?”

“तुम्ही उठलात म्हणून.”

“मी टरफलं टाकायला उठलो.”

दुसरी चिमूट. रंगराव आता सावध बसले. डोळे मिटले, श्वास रोखला. तेवढ्यात खंडाळकरचा मोबाईल वाजला. पक्षाचं प्रचारगीत होतं. गाण्याची पहिली ओळ संपायच्या आत रंगराव ताठ उभे होते. पांढरा सदरा पोटापर्यंत पिवळा झाला होता.

“अरे देवा...” ते म्हणाले.

त्यांना खरोखर लाज वाटली. शाळेत पट्टी खाल्ल्यावर वाटली होती, त्यानंतर आजच.

बाबांनी पान पुन्हा तळहातावर नीट केलं. तिसरी चिमूट ठेवली.

रंगराव बसले. भंडाऱ्याचा वास नाकात गेला आणि बिरोबाचं देऊळ आठवलं. गालावरून फिरलेले ते खरखरीत हात आठवले. त्यातली एक म्हातारी म्हणाली होती, “तू हाईस म्हनून झोप लागंल आता.” तीन वर्षांत तिची आठवण एकदाही आली नव्हती.

फोन घ्यायला बाहेर गेलेला खंडाळकर लगबगीने आत आला. मोबाईल पुढे धरून कुजबुजला, “प्रतोदसाहेब लाईनवर आहेत. उठा साहेब, निघायचंय. गाडी लावलीय.”

रंगराव उठायला लागले. डावा हात जमिनीवर टेकला, गुडघा वर आला. बेलाचं पान तळहातावर तिरकं झालं...

त्यांनी पानाकडे पाहिलं.

गुडघा हळूच खाली गेला.

“साहेब?”

रंगरावांनी डाव्या हाताने पान सरळ केलं.

“साहेब, ते थांबलेत!”

“त्यांना सांगा,” रंगराव म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, “त्यांना सांगा, मी बसलोय.”

“बसलोय म्हणजे? आत्ता की उद्या?”

“आत्ता. आणि उद्यापण.”

खंडाळकरचं तोंड उघडंच राहिलं. असं उत्तर त्याने नोकरीत कधी ऐकलं नव्हतं आणि ते कुणाला कळवायचं असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मोबाईलमधून बारीक आवाजात कोणी तरी ओरडत होतं.

“अहो साहेब, शुद्धीवर या! आमदारकी जाईल!”

रंगरावांच्या कपाळावर घाम जमला. तो पुसायलाही ते हलले नाहीत. भंडारा मात्र जागेवर होता.

भानुबाबा गुडघ्यांवर हात रेटून उभे राहिले. भिंतीचा पाट उचलला, उपरण्याने झटकला आणि खंडाळकरच्या हातात दिला.

“मांड हा लवकर... आमदार आलेत.”