चिंधी बांधलेला दोडका

फार मागे, वैशाख सरत आला असताना, सगुणामावशीच्या परसात दोडक्याचा एकच वेल हिरवा उरला होता. भांडी विसळलेलं पाणी ती रोज त्याच्या मुळाशी ओतायची आणि कोवळे दोडके तोडून घरात न्यायची. एका दोडक्याला मात्र तिने लाल चिंधी बांधली आणि पुन्हा हात लावला नाही.

"चिंधी तर जखमेला बांधतात. माझ्यात काय खोट आहे?" दोडक्याने वेलाला विचारलं. "सगळे चुलीपाशी गेले, मीच का नाही?"

"ठाऊक नाही रे," वेल म्हणाला. "मीही कधी आत गेलेलो नाही. तरी फोडणीचा वास आला की घर आठवल्यासारखं होतं."

वाट पाहून दोडका पिवळा पडला, मग खडखडीत वाळला. ज्येष्ठात वेलही वाळून गेला. तेव्हा मावशीने दोडका तोडून कानाशी हलवला. आत बिया खुळखुळल्या. ती हसली आणि त्याला चुलीवरच्या खुंटीपाशी घेऊन आली.

तिथे एक रिकामा, काजळलेला दोडका लटकत होता. त्यालाही विटलेली लाल चिंधी होती.

"सरक रे म्हाताऱ्या," मावशी त्याला म्हणाली, "तुझ्या बियांच्या वेलाचं लेकरू आलंय."

खाली फोडणी चुरचुरली. वेलाला घर का आठवायचं, ते दोडक्याला आता कळलं. सांगायला मात्र परसात वेल उरला नव्हता.