हिरवी दांडी

“बाई, असा हिरवा आहे तुमच्या संग्रहात?”

शाल्मलीने विचारलं आणि कागदाची पुडी सोडली. आत बायकांचा जुना सेफ्टी रेझर होता. बोटाएवढी बारीक, किंचित वाकलेली दांडी. तिच्यावर चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा रंग.

सलोमीबाई नवगांवकर अलिबागच्या आपल्या घरात खिडकीपाशी बसल्या होत्या. असे रेझर त्यांनी आयुष्यभर जमवले. न्हाणीघराच्या फळीवर, डब्यांच्या मागे लपवलेली ही वस्तू. तिला कुणी कधी मिरवलं नाही. तिचे रंग ओळखायला शिकायचं तर बाईंकडेच जावं, असं जमवणारे मानत. आणि ते खरंच होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

शाल्मलीचा चेहरा फुलला. “गुलाबी, निळा, मोतिया. आजवर एवढेच सापडलेत. हा चौथा, बाई! उद्या पुण्याला जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगणार आहे. फक्त तुम्ही हो म्हणा.”

“म्हणजे शिकायला नाही, सही घ्यायला आलीस.”

शाल्मली हसली, पण अवघडून.

बाईंनी रेझर पांढऱ्या सुती कापडावर ठेवला. थेट ऊन नको म्हणून खिडकीचं एक दार लोटलं. मग नुसत्या पाहत राहिल्या...

त्यांचं पाहणं असंच. घाई नाही, हाव नाही. शेजारी बसणाऱ्याचेही डोळे हळूहळू निवळत.

“धुतलास?”

“छे! धुवायचं नाही, हा तुमचा पहिला धडा.”

“बरं. डोकं सोडव.”

शाल्मलीने दांडी फिरवली. रेझरचं डोकं सुटलं. त्याच्याखाली झाकलेला दांडीचा गळा उघडा पडला.

तो निळा होता. जवसाच्या फुलासारखा.

शाल्मली बघतच राहिली...

“रोगण,” ती शेवटी पुटपुटली. “निळ्यावर पारदर्शक रोगण होतं. उजेडाने ते पिवळं पडलं. निळ्यावर पिवळं, म्हणून हिरवा. गळ्याला उजेडच लागला नाही.”

“शाब्बास!” बाईंचा आवाज उजळला. “माझ्या एका शब्दाशिवाय ओळखलंस.”

“शाब्बास कसली? चौथा रंग गेला माझा. उद्या लोकांना काय दाखवू?”

बाईंनी दांडीवरच्या एका निळसर ठिपक्याकडे बोट केलं. “हे काय?”

“डाग आहे. पुण्याला दाखवताना ती बाजू खाली ठेवणार होते.”

“अंगठा आहे तो.”

“कुणाचा?”

“जिचा रेझर, तिचा. रोज तिथेच टेकायचा. तिथलं रोगण झिजलं, खालचा निळा वर आला.” बाईंनी दांडी उजव्या हातात धरली. बोटं कुठेच बसेनात. डाव्या हातात घेतली. अंगठा ठिपक्यावर अलगद बसला. “डावखुरी होती बघ.”

शाल्मली ठिपक्यावर वाकली. कितीतरी वेळ तिने हाच ठिपका भिंगाखाली पाहिला होता. बाईंना त्यात हात दिसला, आणि हातामागे कुणीतरी दाराला कडी घालून आरशासमोर उभी असलेली.

“तुमच्यासारखं मला कधी दिसणार, बाई?”

“आत्ता अर्धं दिसलंच की.”

पण मेळावा उद्याच होता. शाल्मलीची नजर पुन्हा त्या उघड्या निळ्या गळ्यावर गेली आणि तिथेच अडकली.

“बाई, सुचलं!” तिने पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. “रोगण पुसून टाकते. सगळीच दांडी अशी निळी होईल. आज घडवल्यासारखी! इतका स्वच्छ निळा कुणाकडे नसेल.”

“आणि हिरवा?”

“तो खरा नव्हताच. आपण मूळ रंगच शोधतो ना?”



शाल्मलीने बोळा भिजवला. खोलीत स्पिरिटचा वास पसरला. तिने रेझर उचलायला हात पुढे केला.

बाईंनी रेझर बाजूला सरकवला आणि त्याच्या जागी, पांढऱ्या कापडावर, आपला हात ठेवला. सुरकुतलेला, शिरा वर आलेला, तपकिरी ठिपक्यांनी भरलेला.

“घे,” त्या म्हणाल्या. “आधी हा पूस. मूळ रंग लागेपर्यंत.”