टिचकीनं कॉम्प्युटर धुतला

एवढीशी होती चिचुंद्री. तुमच्या मुठीत मावेल, एवढीच. तिचं नाव टिचकी.

टिचकी लहान, पण तिची घाई मोठी. चालणं ठाऊकच नाही. नुसतं टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

टिचकीचे बाबा गेले होते ऊसतोडीला. लांब लांब, उसाच्या फडात. पण आज होता दसरा. आज दिवेलागणीला बाबा कॉम्प्युटरवर दिसणार होते. टिचकी सकाळपासून नाचत होती. बाबा दिसणार! बाबा दिसणार!

कॉम्प्युटर होता माकडकाकांच्या टपरीत. जुना, डबडा. सगळ्या रानात मिळून एकच.

दसऱ्याला काय करतात? कोयता धुतात. सायकल धुतात. ट्रॅक्टर धुतात. मग हळदीकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात.

टिचकी म्हणाली, "सगळ्यांना आंघोळ, आणि कॉम्प्युटर तेवढा पारोसा? हा अन्याय आहे! मी त्याला आंघोळ घालणार! स्वच्छ कॉम्प्युटर, स्वच्छ बाबा!"

माकडकाका झोपले होते. घुर्रर्र, घुर्रर्र. टिचकीनं कुणाला विचारलं? कुणालाच नाही. तिनं करवंटीत पाणी घेतलं. ओतलं. भळ भळ भळ! साबण लावला. फेस, फेस, फेस! कुंकू लावलं, फूल ठेवलं. हात जोडले. आणि बटण दाबलं.

फट्ट!
फुस्स!
धूर आला. मग सगळं गप्प.

माकडकाका दचकून उठले. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. आत पाहिलं. शेपटीनं डोकं खाजवलं.

"टिचके, काय केलंस गं?"

"धुतला," टिचकी म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

"मदरबोर्ड जळला बघ. ही हिरवी पाटी दिसते ना? सगळ्या तारा हिलाच जोडलेल्या. ही गेली की सगळं गेलं."

"मग नवी घ्या!"

"नवी शहरात मिळते. महाग असते. तुझ्याकडे काय आहे?"

टिचकीकडे होता अर्धा शेंगदाणा. तोही कुरतडलेला.

"हिरवी पाटी हवी ना? मग आळूचं पान चालेल?"

"नाही चालणार."

"हिरवी बर्फी?"

"टिचके!"

टिचकीनं आपल्याच डोक्यावर टपली मारली. टक्!

"वा गं टिचकी, वा गं शहाणी!
कॉम्प्युटरला पाजलंस पाणी!"

माकडकाका म्हणाले, "जुना बोर्ड आण. पण असाच हवा. ह्याच मापाचा. तू आण, मी बसवतो. कावळेदादाच्या भंगारात असेल बघ."

टिचकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बाभळीवर कावळेदादाचं दुकान. खिळे, डबे, झाकणं, तारा. आणि मधोमध एक हिरवी पाटी! अगदी तशीच!

टिचकी म्हणाली,

"कावळेदादा, कावळेदादा, बोर्ड दे.
बोर्ड मिळाला, तर माकडकाका बसवतील.
बोर्ड बसला, तर बाबा दिसतील!"

कावळेदादा म्हणाला, "काव काव! दसऱ्याचा दिवस, आणि माझ्या दुकानाला तोरण नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल? आधी तोरण आण. मग बोर्ड ने."

टिचकी म्हणाली, "तोरण? हात्तिच्या! आत्ता करते!" तिनं झेंडूचं एक फूल घेतलं. शेपटीत ओवलं. शेपटी ताणली. फूल पडलं, आणि टिचकीही पडली. धप्प!

टक्!

"वा गं टिचकी, वा गं शहाणी!
कॉम्प्युटरला पाजलंस पाणी!"

मग गेली सुगरणताईकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सुगरणताई खोप्यात बसली होती. समोर झेंडूचा हा ढीग! टिचकी म्हणाली,

"सुगरणताई, सुगरणताई, तोरण ओव.
तोरण मिळालं, तर कावळेदादा बोर्ड देईल.
बोर्ड मिळाला, तर माकडकाका बसवतील.
बोर्ड बसला, तर बाबा दिसतील!"

सुगरणताई म्हणाली, "चिव चिव! ओवते की. फुलं आहेत, चोच आहे. दोरा कुठाय? गवताची काडी मोडते बाई. चिवट दोरा हवा. कोळीआजोबांचा आण. मग ओवते."

टिचकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इतक्या जोरात, की थांबायचंच विसरली. शिरली थेट कोळीआजोबांच्या जाळ्यात. फर्रर्र!

"अगं ए!" आजोबा ओरडले. "सकाळपासून विणत होतो!"

टिचकीच्या नाकावर जाळं. कानावर जाळं. तरी ती म्हणालीच,

"कोळीआजोबा, कोळीआजोबा, दोरा द्या.
दोरा मिळाला, तर सुगरणताई तोरण ओवेल.
तोरण मिळालं, तर कावळेदादा बोर्ड देईल.
बोर्ड मिळाला, तर माकडकाका बसवतील.
बोर्ड बसला, तर बाबा दिसतील!"

आजोबा म्हणाले, "दोरा हवाय? आणि माझं जाळं फाडून मागतेस?"

टक्! टिचकीनं टपली मारून घेतली.

"वा गं टिचकी, वा गं शहाणी!
कॉम्प्युटरला पाजलंस पाणी!"

आजोबांना हसू आलं. म्हणाले, "बरं बरं. देईन दोरा. पण ती म्हैस बघ. कुंपणाला पाठ घासत बसलीय. घस्स घस्स! कुंपण हलतं, माझा दोरा तुटतो. तिला आधी उठव."

टिचकी गेली म्हैसमावशीकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

म्हैसमावशी केवढी? डोंगराएवढी. टिचकी म्हणाली, "हात्तिच्या! आत्ता उठवते!" तिनं मागून ढकललं. हुंऽऽऽप! आणखी ढकललं. हुंऽऽऽप!

म्हैसमावशी म्हणाली, "कोण गं गुदगुल्या करतंय?"

टिचकी पुढं आली. धापा टाकत म्हणाली,

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ.
म्हैसमावशी उठली, तर कोळीआजोबा दोरा देतील.
दोरा मिळाला, तर सुगरणताई तोरण ओवेल.
तोरण मिळालं, तर कावळेदादा बोर्ड देईल.
बोर्ड मिळाला, तर माकडकाका बसवतील.
बोर्ड बसला, तर बाबा दिसतील!"

म्हैसमावशी म्हणाली, "हम्मा! उठले असते गं बाई. पण पाठीला गोचिडी लागल्यात. खाज खाज होतेय. म्हणून तर घासतेय. बगळेरावांना बोलाव. ते गोचिडी वेचतील. खाज थांबली की उठते."

टिचकीनं आकाशाकडे पाहिलं. सूर्य खाली चालला होता. पिवळ्याचा केशरी झाला होता. बाबा येतील पडद्यावर, आणि पडदाच काळा!

ती पळाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक टुणुक टुणुक!

तळ्यात बगळेराव उभे होते. एका पायावर. डोळे अर्धे मिटलेले. पाण्यात एक मासा येत होता. हळू... हळू... हळू...

टिचकी जोरात ओरडली,

"बगळेराव, बगळेराव, चला!
बगळेराव आले, तर म्हैसमावशी उठेल.
म्हैसमावशी उठली, तर कोळीआजोबा दोरा देतील..."

बुळुक! मासा पळाला.

बगळेराव म्हणाले, "अगं, मासा गेला!"

"दोरा मिळाला, तर सुगरणताई तोरण ओवेल.
तोरण मिळालं, तर कावळेदादा बोर्ड देईल..."

बुळुक! दुसरा मासा पळाला.

"अगं, पुरे!"

"बोर्ड मिळाला, तर माकडकाका बसवतील.
बोर्ड बसला, तर बाबा दिसतील!"

बुळुक! बुळुक! बुळुक! तळ्यातले सगळे मासे पळाले. एक बेडूक होता, तोही पळाला.

बगळेराव म्हणाले, "एवढी लांबलचक गोष्ट कुणी विचारली होती? सकाळपासून उपाशी आहे मी. आता ऐक. मासा मिळाला की लगेच येतो. तू फक्त एक काम कर."

"सांगा! कुठं पळू? काय आणू? कुणाला ढकलू?"

"गप्प बस."

"एवढंच?"

"एवढंच. हलायचं नाही. बोलायचं नाही."

अरे बापरे! टिचकीला सगळं येत होतं. हे मात्र येत नव्हतं.

टिचकी बसली. मिशा हलल्या. तिनं मिशा धरल्या. शेपटी हलली. ती शेपटीवर बसली. "बगळेराव, आला का मा..." तोंडातून आलंच! तिनं दोन्ही पंजे तोंडावर ठेवले.

चला, आपणही बसू या. टिचकीसारखं. तोंडावर हात.

शूऽऽऽ.

पान पडलं. टिचकी हलली नाही.

शूऽऽऽ.

नाकावर माशी बसली. टिचकी हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण टिचकी हलली नाही.

शूऽऽऽ.

मासा आला. हळू... हळू... हळू...

गप्पकन!

बगळेरावांनी मासा गिळला. म्हणाले, "वा! पोट भरलं. आता गोचिडी म्हणजे जेवणावर बडीशेप. चल!"

मग काय विचारता!

बगळेराव उडाले. फड फड फड! गोचिडी वेचल्या. टिप टिप टिप!
म्हैसमावशीची खाज थांबली. ती उठली. हुश्श!
कुंपण हलायचं थांबलं. कोळीआजोबांनी दोरा काढला. सर्रर्रर्र!
सुगरणताईनं तोरण ओवलं. सुळ सुळ सुळ!
कावळेदादानं तोरण बांधलं. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. म्हणाला, "काव! घे तुझा बोर्ड."

टिचकीनं बोर्ड डोक्यावर घेतला. खालून टिचकी दिसेचना! नुसती एक हिरवी पाटी पळत होती. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

माकडकाकांनी आधी सगळं कोरडं केलं. फुंकर मारली. फूऽऽऽ! जळका बोर्ड काढला. कावळेदादाचा बोर्ड ठेवला. मापाला बरोबर! स्क्रू पिळले. किर्र किर्र. तारा खोचल्या. खट् खट्.

"आता बटण दाबू?" टिचकीनं विचारलं.

बघा हं! टिचकीनं विचारलं!

"दाब," माकडकाका म्हणाले.

टुंग! पडदा उजळला.

बाहेर दिवे लागले होते. सगळे गोळा झाले होते. कावळेदादा पुढं. बगळेराव त्याच्या पुढं. म्हैसमावशीचं डोकं सगळ्यांच्या पुढं. "दिसतंय का? सरका ना! मला बघू दे!"

आणि पडद्यावर आले बाबा.

"टिचके?" बाबा म्हणाले. "टिचके, कुठंयस? मला नुसतं शिंग दिसतंय!"

"मी इथं! मी खाली!" टिचकी ओरडली. पण गलका एवढा, की कुणाला ऐकूच येईना.

बाबांचा चेहरा उतरला. "टिचकी नाही आली का?"

तेवढ्यात म्हैसमावशी म्हणाली, "सरका रे सगळे! जिचे बाबा, ती मागं आणि आपण पुढं? शोभतं का?" तिनं मान खाली केली. अगदी जमिनीपर्यंत. "चढ गं बाळ."

टिचकी चढली. नाकावरून कपाळावर. कपाळावरून शिंगावर. म्हैसमावशीनं मान वर केली. आणि टिचकी आली बाबांच्या अगदी समोर.

"दिसली!" बाबा म्हणाले. "ही बघा माझी टिचकी!"

टिचकीला किती बोलायचं होतं! दिवसभर तिनं ठरवून ठेवलं होतं. आता एकही शब्द आठवेना.

"बाबा," ती म्हणाली. "मी कॉम्प्युटर धुतला."

"धुतला? का गं?"

"तुम्ही स्वच्छ दिसावं म्हणून."

बाबांनी डोळे पुसले. मग विचारलं, "मग? दिसतोय का मी स्वच्छ?"

टिचकीनं नीट पाहिलं. बाबांच्या नाकाला माती. कानात उसाचं पाचट. मिशांवर धूळ.

"नाही हो बाबा! तुम्हीच मळलाय!"

बाबा हसले. माकडकाका हसले. कावळेदादा हसून हसून उताणा पडला. आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसली टिचकी. खि खि खि खि!

"मग आता मलाच धू," बाबा म्हणाले. "ऊस संपला की येतो घरी. घालशील मला आंघोळ?"

"घालीन!" टिचकी म्हणाली. आणि शिंगावरून उडी मारून निघाली. टुणुक टुणुक!

"अगं, कुठं निघालीस?" सगळे ओरडले.

"पाणी तापवायला!"

"अगं, बाबांना यायला अजून कितीतरी दिवस आहेत! आधी त्यांच्याशी बोल तरी!"

"अगंबाई, हो की!"

टिचकी परत आली. शिंगावर चढून बसली. आणि बोलू लागली. आणि बाबा ऐकू लागले.

बापलेकींना बोलू दे आता पोटभर. आपण दार हळूच लोटू या, आणि झोपू या.